सेवण गवताच्या पट्ट्यातील एक दिवस: जैसलमेरजवळच्या गवत-फेरीचे परीक्षण

जैसलमेरला जाणारा मराठी प्रवासी किल्ला, हवेल्या आणि समची वाळू पाहून परततो. तेथील तंबूंच्या वसाहती, उंटांच्या रांगा आणि रात्रीचे गाणे-बजावणे यांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. हे परीक्षण मात्र त्याच्या अगदी उलट दिशेला, म्हणजे शहराच्या पूर्वेला आणि ईशान्येला जाणाऱ्या एका दिवसाच्या फेरीचे आहे. थरच्या वाळवंटात मूळचेच असलेले सेवण गवत कोठे उगवते, कोणाच्या सोबतीने उगवते आणि कोठे थांबते, हे पाहण्यासाठी ही फेरी योजलेली आहे. ती चालविणारे दोघे चुलतभाऊ स्थानिक पशुपालक घराण्यातले आहेत. एक गाडी चालवितो, तर दुसरा गवत, झाडोरा आणि चराई यांची माहिती देतो. व्यवसाय लहान आहे आणि पुढे काही उणिवाही सांगायच्या आहेत, म्हणून त्यांचे नाव येथे दिलेले नाही. गाडी, माहितगाराची सोबत, दुपारचे जेवण आणि चहा मिळून दोन माणसांना सात हजार रुपये पडले. समच्या एका रात्रीच्या मुक्कामाच्या मानाने ही रक्कम मला वाजवी वाटली.

फेरीची आखणी हे या सेवेचे खरे बळ आहे. सेवणाचे उत्तम कुरण दाखवून परत आणणे सोपे होते, आणि पुष्कळ ग्राहक तेवढ्यावर समाधानीही झाले असते. या दोघांनी मात्र दिवसाची सुरुवात सेवण नसलेल्या जमिनीपासून केली. शहराबाहेर पडताच पिवळ्या चुनखडकाचे जे उंच, उघडे माळ लागतात, त्यांना तेथे ‘मगरा’ म्हणतात. तेथे दगडावर जेमतेम बोटभर माती असते आणि पावसाचे पाणी मुरण्याआधीच वाहून जाते. अशा जागी तांतिया हे जमिनीलगत पसरणारे गवत, गंठिल, पावसाळ्यापुरते येणारे लांप आणि मधूनमधून पांढुरक्या तुऱ्यांची बुई एवढेच दिसते. एखाद्या घळीत, वाळू साचून गुडघाभर खोली झालेली असेल तेथे, सेवणाचे दोन-चार ठोंब उभे असतात. माहितगाराने असा एक ठोंब दाखविला आणि त्याच्या भोवतीच्या मातीत काठी रोवून ती किती खोल जाते हे पाहायला सांगितले. मग चार पावले बाजूला नेऊन तोच प्रयोग दगडावर करायला लावला. दिवसभरात जे पाहायचे होते त्याची किल्ली या एवढ्याशा कृतीत मिळाली, कारण सेवणाच्या बाबतीत पावसाच्या आकड्याइतकेच महत्त्व पायाखालच्या वाळूच्या जाडीला आहे.

पोकरणच्या रस्त्याने चांदण आणि लाठीच्या बाजूला गेल्यावर जमीन सपाट आणि वाळूची होते आणि सेवणाचा खरा मुलूख सुरू होतो. शास्त्रीय परिभाषेत लेसियुरस सिंडिकस म्हटले जाणारे हे बहुवार्षिक गवत जैसलमेर, बारमेर आणि बिकानेर या जिल्ह्यांत, तसेच जोधपूर आणि चुरू यांच्या कोरड्या भागांत वाढते. सीमेपलीकडे ते चोलिस्तानात आणि सिंधमध्ये आहे, आणि त्याचा पसारा इराण-अरबस्तानातून उत्तर आफ्रिकेपर्यंत जातो. वर्षाला २५० मिलिमीटरांपेक्षा कमी पाऊस पडणाऱ्या वालुकामय मैदानांवर त्याची बरोबरी करणारे दुसरे चाऱ्याचे गवत येथे नाही. ठोंब कमरेइतका उंच होतो आणि त्याचा बुंधा लाकडासारखा कठीण असतो. दुष्काळात वरचा भाग पूर्ण वाळला, तरी पाऊस पडताच या बुंध्यातून नवे फुटवे निघतात. सप्टेंबरच्या मध्यास आम्ही गेलो तेव्हा प्रत्येक ठोंबावर रेशमी पांढऱ्या केसांचे तुरे होते, आणि सकाळच्या तिरप्या उन्हात मैलभर तेच तेवढे दिसत होते.

वाऱ्याने वाळू हटून एका ठोंबाची मुळे उघडी पडलेली होती, तेथे आम्ही बराच वेळ थांबलो. प्रत्येक बारीक मुळाभोवती वाळूच्या कणांचे चिकट आवरण असते, आणि ते बोटाने सहजासहजी निघत नाही. या आवरणामुळे मुळाभोवती ओल टिकते, तसेच त्याच्या आसपास हवेतील नत्र धरून ठेवणारे जीवाणू राहतात, असे संशोधकांना आढळले आहे. ज्या वाळूत सेंद्रिय द्रव्य नावालाच आहे, तेथे असे चाऱ्याचे गवत वर्षानुवर्षे कसे टिकते, याचे उत्तर बऱ्याच अंशी येथे असावे. माहितगाराला यातील जीवाणूंचा भाग ठाऊक नव्हता. मात्र ‘मुळाला सदरा घालून ठेवलेला असतो’ असे तो म्हणाला, आणि त्याचे निरीक्षण अचूक होते.

सेवणाचे कुरण म्हणजे एकाच गवताचे शेत, ही समजूत या मैदानावर फार वेळ टिकत नाही. दोन ठोंबांमध्ये दोन-तीन हातांची मोकळी वाळू असते, आणि या मोकळ्या जागेत पावसाळ्यानंतर अल्पायुषी वनस्पतींची गर्दी होते. त्यांत मोज्यांना आणि धोतराच्या काठाला चिकटणारे काटेरी भुरट, मकडा, लांप, सराटा, जमिनीवर पसरणारी बेकरिया, आपल्याकडे उन्हाळी म्हणतात ती वनस्पती, काचरीचे आणि तुंब्याचे वेल हे सारे येते. तुंबा म्हणजे आपले कडू इंद्रावण. बहुवार्षिक गवतांपैकी धामण, म्हणजे आपल्याकडचे अंजन गवत, आणि मोडा धामण ही सेवणाच्या सोबतीने दिसतात. ग्रामणा हे उंच गवत मात्र एकटे क्वचितच उभे असते. ते बोरडीच्या किंवा केराच्या झुडपात शिरून काट्यांच्या आडोशाने वाढते आणि शेळ्यांच्या तोंडून वाचते. झुडपांमध्ये सिणिया, खींप आणि बोरडी, आणि वृक्षांमध्ये विरळ खेजडी, म्हणजे आपली शमी, हा येथला नेहमीचा संच आहे.

पूर्वेकडे सरकत गेले की पाऊस थोडाथोडा वाढतो आणि धामणाचे प्रमाणही वाढत जाते. सखल जागी, जेथे माती चिकणमातीकडे झुकते, तेथे करड येते. करड म्हणजे आपले मारवेल, आणि सोलापूर-अहिल्यानगरकडच्या वाचकाला ते पाहून ओळखीचे माणूस भेटल्यासारखे वाटेल. १९७३ मध्ये दबडघाव आणि शंकरनारायण यांनी भारतातील गवताच्या आच्छादनाचे पाच प्रकार मांडले. त्यांतील एक प्रकार मारवेल, अंजन आणि सेवण या तिघांच्या गणांवरून ओळखला जातो, तर आपल्या दख्खनच्या पठाराचा समावेश ज्या प्रकारात होतो त्यातही मारवेल आहेच. म्हणजे दोन्ही मुलखांना जोडणारा दुवा मारवेल आहे आणि सेवण हे वाळवंटाच्या बाजूचे टोक आहे. हे वर्गीकरण कागदावर वाचताना कोरडे वाटते. गाडी सखल जागेतून चढावर जाते, चिकणमाती संपून वाळू लागते आणि शंभर पावलांच्या आत मारवेल मागे पडून सेवण सुरू होते, तेव्हा त्यातील प्रत्येक शब्द पटतो. या एका ठिकाणी गाडीतून उतरून पायी चालायला लावल्याबद्दल या सेवेला मी पूर्ण गुण देतो.

दुपारचे जेवण लाठीच्या पुढच्या एका ढाणीवर, म्हणजे रानातल्या छोट्या वस्तीवर होते. बाजरीची भाकरी, केर-सांगरीची भाजी, काचरीची चटणी आणि भरपूर ताक असा साधा बेत होता. सांगरी म्हणजे खेजडीच्या शेंगा आणि केर म्हणजे सकाळी पाहिलेल्या काटेरी झुडपाची फळे, त्यामुळे ताटातले निम्मे पदार्थ सकाळच्या पायवाटेवरचेच होते. ताक थारपारकर गाईंच्या दुधाचे होते. या जातीच्या गाई सेवणावर पोसल्या जातात. पावसाळ्यानंतर कापून वाळविलेले सेवण गंजी रचून ठेवतात आणि चैत्र-वैशाखात तेच जनावरांना तारते. घरच्या आजीने गंजीतला एक पेंढा काढून जुने आणि नवे सेवण वासावरून कसे ओळखावे हे दाखविले. मला फरक फारसा कळला नाही, पण गाईला कळला.

त्यानंतर भादरियाची ओरण पाहिली. देवीच्या नावाने राखलेल्या या रानात कुऱ्हाड चालत नाही, आणि त्यामुळे जाळ, केर, बोरडी आणि खेजडी यांची दाटी येथे आहे. ओरण म्हणजे अस्पर्श निसर्ग, असे पर्यटन-पुस्तिकांमध्ये लिहिलेले असते, आणि या सेवेच्या पुस्तिकेतही तसेच लिहिले आहे. ते अर्धेच खरे आहे. येथे लाकूड तोडण्यास बंदी आहे, चराईस नाही. त्यामुळे झाडे वाचली आहेत, पण त्यांच्या खालचे गवत मात्र गावच्या गुरांच्या संख्येवर अवलंबून असते. आम्ही पाहिलेल्या भागात सेवणाचे ठोंब मुळापाशी कुरतडलेले होते आणि मोकळ्या जागी बुई आणि लांप पसरलेले होते. अतिचराई झालेल्या सेवणाच्या जमिनीचा क्रम साधारण असाच असतो. आधी धामण जाते, मग सेवणाचे ठोंब खुरटतात, त्यांच्या जागी भुरट आणि लांप येतात, आणि शेवटी जनावरे तोंड लावत नाहीत अशी बुई आणि रुई उरते. याउलट रस्त्याच्या कडेला कुंपण घातलेल्या एका तुकड्यात कुंपणाच्या आत कमरेइतके सेवण आणि बाहेर बुईचे पांढरे तुरे, असा फरक तारेच्या दोन्ही बाजूंना उभा होता. तो दाखविताना माहितगार पुस्तिकेपेक्षा अधिक प्रांजळपणे बोलला, हे नोंदविले पाहिजे.

मोहनगढच्या अलीकडे वाळूच्या टेकड्या लागतात. टेकडीच्या पायथ्याशी आणि दोन टेकड्यांमधल्या सपाटीवर सेवण असते. वर चढू लागले की वाळू सैल होते आणि सेवण विरळ होत मुरट हे दुसरे ठोंबाचे गवत पुढे येते. माथ्यावर फोगाचे राज्य असते. फोग हे जवळजवळ पानेच नसलेले झुडूप आहे आणि त्याच्या हिरव्या काड्याच पानांचे काम करतात. फोगाची मुळे खोदून सरपण आणि कोळसा करण्याची चाल जुनी आहे, आणि जेथे फोग गेला तेथे टेकडी पुन्हा चालू लागते व पायथ्याच्या सेवणावर वाळू येते. वरच्या झुडपाचा आणि खालच्या गवताचा हा संबंध माहितगाराने एका अर्ध्या पुरलेल्या कुरणापाशी उभे राहून समजावला. दिवसातील हा सर्वांत चांगला पाऊण तास होता.

मोहनगढच्या पुढे इंदिरा गांधी कालव्याचे क्षेत्र येते. १९५८ मध्ये बांधकाम सुरू झालेला हा कालवा १९८७ च्या सुमारास येथपर्यंत पोहोचला. त्यानंतर सेवणाची सपाट वाळू गवार, मोहरी, हरभरा आणि जिरे यांच्या शेतांमध्ये बदलली. कालव्याच्या पाझराच्या जागी पाणकणीस उगवते. सेवणाला उभे पाणी मानवत नाही, आणि ट्रॅक्टरच्या नांगराने एकदा बुंधा उलटला की ते परत उभे राहात नाही. शेतांच्या बांधावर वेड्या बाभळीची रांग होती. येथे फेरी मात्र घाईत आटोपली गेली. गाडी थांबली, कालव्याचे छायाचित्र काढायला पाच मिनिटे मिळाली आणि आम्ही निघालो. ज्या कारणाने सेवणाचे सर्वांत मोठे सलग पट्टे मोडले, त्या जागेला एवढाच वेळ देणे हे मला या आखणीतील मोठे वैगुण्य वाटते. कालव्यामुळे ज्यांचे भले झाले अशा शेतकऱ्याशीही गाठ घालून देता आली असती.

सौर आणि पवन ऊर्जेच्या प्रकल्पांबाबतही हेच घडले. वाटेत पवनचक्क्या आणि उच्च दाबाच्या तारा सतत दिसत होत्या. माळढोक पक्षी या तारांना धडकून मरतात, म्हणून २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या अधिवासातील तारा भूमिगत करण्याचा आदेश दिला होता. २०२४ मध्ये तो सरसकट आदेश बदलून प्रश्न तज्ज्ञ समितीकडे सोपविण्यात आला. विचारल्यावर माहितगाराने विषय बदलला. त्याच्या गावातील काही जणांनी जमिनी भाड्याने दिल्या आहेत, असे नंतर जेवणाच्या गप्पांतून कळले, त्यामुळे त्याची अडचण मी समजू शकतो. तरीही सोलापूरजवळच्या नान्नजच्या माळरानावर माळढोक दिसणे हीच आता बातमी होते, हे पाहिलेल्या मराठी पाहुण्याला या प्रश्नाचे उत्तर हवे असते. आम्हाला माळढोक दिसला नाही, आणि त्याबद्दल तक्रार नाही. ही फेरी पक्षी दाखविण्याची हमी देत नाही आणि ते योग्यच आहे. चिंकारा, वाळवंटी कोल्हा आणि बिळाबिळांतून डोकावणारे वाळवंटी उंदीर मात्र पुष्कळ दिसले.

शेवटचा थांबा कानोडचे रण हा होता. येथे खाऱ्या मातीचे सपाट मैदान आहे आणि पावसाळ्यानंतर त्यात उथळ पाणी साठते. काठाकडे जाताना आधी सेवण थांबते, मग लाणा हे मांसल काड्यांचे झुडूप येते, त्यानंतर खारा आणि लूणी, आणि अगदी काठावर खारी जमीन सोसणारी बुटकी गवते. खाऱ्याची राख करून साजी काढतात, आणि बिकानेरच्या पापडाचा खार तो हाच. सकाळी मगऱ्यावर खडकाने सेवणाला अडविलेले पाहिले होते, संध्याकाळी मिठाने अडविलेले पाहिले. दोन्ही सीमा एकाच दिवसात दाखविण्याची कल्पना ज्याची असेल, त्याला कुरणांची उत्तम समज आहे.

आता उणिवा. चालकाने दोनदा गाडी रुळलेल्या वाटेवरून काढून सरळ ठोंबांमधून नेली. पहिल्यांदा आम्ही बोललो तेव्हा तो हसला, आणि दुसऱ्यांदा मागच्या चाकाखाली फुटव्यांचा चुराडा झालेला स्वतः माहितगारानेच पाहिला. गवत दाखविण्याचे पैसे घेणाऱ्यांनी ते गाडीखाली घालावे, हे कोणत्याही सबबीने पटण्यासारखे नाही. हातात दिली जाणारी पुस्तिका छपाईने सुबक आहे, परंतु तीत मुरट आणि ग्रामणा यांची चित्रे उलटसुलट झाली आहेत, आणि वेड्या बाभळीचा समावेश स्थानिक वृक्षांत केला आहे. हे मेक्सिकोकडून आणलेले झाड येथे किती पसरले आहे हे लक्षात घेता ही चूक किरकोळ मानता येणार नाही. पुढच्या आवृत्तीत ती सुधारण्याचे आश्वासन मिळाले आहे. स्वच्छतागृहाची सोय फक्त ढाणीवर आहे. सोबत ज्येष्ठ माणसे असतील तर हे आधी ध्यानात घ्यावे.

निघताना प्रत्येक पाहुण्याला सेवणाच्या बियांची पुडी भेट म्हणून दिली जाते. हेतू चांगला आहे, पण ही भेट दुरून आलेल्या पाहुण्यांना देऊ नये असे माझे मत आहे. केसाळ, हलके बी वाऱ्याने उडून जाते, म्हणून ते चिकणमाती, शेण आणि वाळू यांत मिसळून त्याच्या गोळ्या करून पेरतात, आणि थरमधील उजाड कुरणांसाठी ती पद्धत उपयुक्त आहे. पुण्या-साताऱ्याच्या पावसात आणि काळ्या मातीत मात्र ते तग धरणार नाही, आणि धरलेच तरी आपल्या माळांवर कुसळी, पवना आणि मारवेल यांच्या जागी बाहेरचे गवत पेरण्याचे काही कारण नाही. आमच्या पुड्या आम्ही ढाणीवरच ठेवून आलो.

जोधपूरला काझरी या नावाने ओळखली जाणारी केंद्रीय शुष्क क्षेत्र संशोधन संस्था १९५९ पासून आहे. या फेरीला निघण्यापूर्वी त्या संस्थेचे सेवणाविषयीचे थोडे लेखन वाचून गेल्यास फेरीचा लाभ दुप्पट होतो. ऑगस्टचा उत्तरार्ध ते ऑक्टोबरचा आरंभ हा काळ सर्वोत्तम आहे, कारण तेव्हा बहुवार्षिक आणि अल्पायुषी अशा दोन्ही वनस्पती एकत्र दिसतात. डिसेंबरात हवा सुखद असते, पण वाळलेल्या ठोंबांखेरीज फारसे काही ओळखता येत नाही आणि सोबतीच्या निम्म्या वनस्पती नाहीशा झालेल्या असतात. छायाचित्रांसाठी वाळूच हवी असलेल्यांनी सम किंवा खुडी गाठावी. वनस्पतींचे विद्यार्थी, पशुपालनात काम करणारे आणि माळरानांविषयी आस्था असणारे यांनी ही फेरी अवश्य करावी. पाचपैकी साडेतीन गुण मी देतो, आणि गाडी वाटेवर राहिली असती तर चार दिले असते. नोंदणी करताना कानोडचे रण फेरीत आहे ना, हे स्पष्ट विचारून घ्यावे, कारण हिवाळ्यात दिवस लहान असल्याचे कारण सांगून तो थांबा वगळला जातो. सकाळी सातऐवजी सहाला निघण्याचा आग्रह धरावा, म्हणजे कालव्यापाशी अर्धा तास अधिक मिळेल.